ब्रॉन्तेचा पिस्ता वर्षाआड का येतो?

प्रश्न : इटलीच्या सिसिली बेटावरील ब्रॉन्ते गावी पिस्ता वर्षाआड काढतात, असे ऐकले. हा झाडाचा स्वभाव आहे की शेतकऱ्यांची रीत? गावाविषयीही थोडे लिहावे.
– एक आंबा बागायतदार, रत्नागिरी

उत्तर : स्वभाव झाडाचा आहे आणि त्याला शिस्त लावली आहे ती शेतकऱ्यांनी. पिस्त्याचे झाड एका वर्षी भरभरून फळले की पुढच्या वर्षी थकते, हे हापूस लावणाऱ्यास सांगायला नको. ब्रॉन्तेत सम वर्षी येऊ पाहणाऱ्या थोड्याफार कळ्याही हाताने खुडून टाकतात. त्यामुळे झाडाचे बळ पुढच्या विषम वर्षासाठी राखले जाते आणि फळावर जगणाऱ्या किडीची साखळीही तुटते. कोकणात दरवर्षी मोहर यावा म्हणून आपण झाडाच्या मुळाशी पॅक्लोब्युट्राझॉल हे वाढ रोखणारे रसायन घालतो. मला ब्रॉन्तेची रीत अधिक मोलाची वाटते, कारण एकट्याने कळ्या खुडून कीड हटत नाही. त्यासाठी साऱ्या शिवाराने ते वर्ष सोडावे लागते.

हे गाव एट्ना ज्वालामुखीच्या पश्चिम उतारावर, सुमारे ७६० मीटर उंचीवर आहे. थिजलेल्या लाव्ह्यावर नांगर चालत नाही, पण टेरेबिंथ हे पिस्त्याच्या भावकीतले रानझाड खडकाच्या भेगांत मुळे घालून तग धरते. रायवळच्या रोपावर हापूसचे कलम बांधावे, तसे त्याच्यावर पिस्त्याचे कलम बांधतात. नर आणि मादी झाडे वेगवेगळी असून परागकण वारा वाहून नेतो. ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरमध्ये फळे हातानेच काढावी लागतात, कारण त्या खडकाळ उतारावर यंत्र शिरत नाही.

पिस्त्याची लागवड येथे नवव्या शतकापासून अरबांनी रुजवली. सिसिलीतला ‘फ्रास्तुका’ हा शब्द अरबीतून आला, आपला ‘पिस्ता’ फारसीतून. दोघांचे मूळ एकच.

जमिनीचे दुःखही या गावाने भोगले आहे. १७९९ मध्ये सिसिलीच्या राजाने येथील जहागीर इंग्रज दर्यासारंग नेल्सन याला दिली, ती त्याच्या वारसांकडे १९८१ पर्यंत राहिली. ऑगस्ट १८६० मध्ये जमिनीच्या वाटपासाठी गावकऱ्यांनी रक्तरंजित उठाव केला, तेव्हा इटलीच्या एकीकरणासाठी लढणाऱ्या गॅरिबाल्डीचा सेनानी निनो बिक्सिओ याने पाच जणांना गोळ्या घातल्या.

खरेदी करायची झाल्यास पाचूसारखा हिरवा गर आणि त्यावरची जांभळट साल पाहावी. सम वर्षी मिळणारा अस्सल माल आदल्या वर्षीचा, वाळवून साठवलेला असतो.