पाळलेल्या सापाला त्याच्याच टाकीत खायला द्यावं की वेगळ्या डब्यात काढून?

टाकीतच द्या. डब्याचं खूळ डोक्यातून काढा.

मी शिकागोजवळ राहतो, आमच्याकडे केशर आहे, कॉर्न स्नेक (अमेरिकेतला बिनविषारी साप), मादी, सहा वर्षांची. माझं गाव बत्तीस शिराळ्याजवळ, त्यामुळे साप दूध पीत नाही हे लोकांना पटवण्यात अर्धं बालपण गेलं आणि इथे येऊन बघतो तर शिकल्यासवरल्या माणसांचं पण तेच. माझा मेव्हणा दोन महिने राहायला होता, त्याने कुठल्यातरी व्हिडिओत पाहिलेलं की टाकीत खायला दिलं की साप आत येणाऱ्या प्रत्येक हाताला उंदीर समजतो. रोज जेवताना तीच टकळी. शेवटी बायको म्हणाली, करून बघ ना एकदा, तेवढंच त्याचं समाधान.

जानेवारी महिना, बाहेर उणे पंधरा. केशरला उचलून डब्यात ठेवलं, उंदीर दिला, तिने गिळला, इथवर ठीक. मग परत टाकीत ठेवायला हात घातला तर उंदराचा वास अजून दरवळतोय आणि बाई शिकारीच्याच मूडमध्ये, धरला की माझा अंगठा, वर मनगटाला दोन वेढे. लागत फार नाही, दात टाचणीच्या टोकाएवढे, पण सोडेचना, नळाच्या गार पाण्याखाली धरलं तेव्हा सुटली. खरा घोळ दुसऱ्या दिवशी. भरल्या पोटी एवढी ओढाताण झाल्यावर तिने उंदीर ओकला. अर्धवट पचलेल्या उंदराचा वास म्हणजे काय सांगू, त्यापेक्षा सुके बोंबील उशाशी घेऊन झोपेन. मग दोन आठवडे उपास आणि नंतर उंदराच्या पिल्लापासून परत सुरुवात. मेव्हणा तोवर पुण्याला पोचलेला, फोनवर म्हणतो, "दाजी, तुम्ही डबा गरम ठेवला नसणार."

अरे, हाताला उंदीर समजू नये म्हणून डबा आणि त्याच डब्यात ऐन खाण्याच्या वेळी हात घालायचा? त्यापेक्षा उंदीर कायम लांब चिमट्याने द्या आणि एरवी हात घालण्याआधी हुकने (साप उचलायची आकडेवाली काठी) किंवा साध्या पुठ्ठ्याच्या नळीने अंगाला हलकं टेकवा, तिला बरोबर कळतं की आत्ता जेवण नाही. टाकी फक्त जेवणापुरतीच उघडत असाल तर मात्र ती झेपावणारच, त्यात तिची काय चूक.

बाकी, जिवंत उंदीर नको, तो उलटून सापालाच चावतो. फ्रोझन आणा, आदल्या रात्री फ्रीजमध्ये काढून ठेवा, मग झिपच्या पिशवीत घालून गरम पाण्यात. मायक्रोवेव्ह चुकूनही नाही. पोट दाबून बघा, आत गार लागलं तर अजून थांबा. उंदराची जाडी सापाच्या सगळ्यात जाड भागाएवढी, त्याहून फार मोठा नको. नंतर ४८ तास सापाला उचलायचं नाही, आणि टाकीची गरम बाजू २९-३० डिग्री हवी, नाहीतर पचत नाही. हात साबणाने धुवा, साल्मोनेला असतो. उंदरांसाठी वेगळा छोटा फ्रीजर घ्या, आमच्याकडे ते खवलेल्या नारळाशेजारी होते आणि आई आली तेव्हा तिने पिशवी उघडली, पुढचं विचारू नका.

हां, खाली भुसा असेल तर उंदराखाली ताटली ठेवा, पोटात जायला नको. एका टाकीत दोन साप असतील तर खाताना वेगळे करावेच लागतात, पण मुळात दोन एकत्र ठेवलेच का? आणि भारतात असाल तर आपली धामण, अजगर वगैरे पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, तुमचा तसला नाही असं धरून लिहिलंय.

आणि मेव्हणेबुवा, वाचत असाल तर डब्याखाली हीट मॅट होती. फोटो आहे माझ्याकडे.