हुशार मुलीची कॉलेज-यादी: सुरुवात तुमच्या आकड्यापासून

नमस्कार ताई,

तुम्ही पत्रात सगळे तपशील दिलेत, त्यामुळे मोघम बोलायची गरज नाही. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. तुम्ही न्यू जर्सीत राहता, घरात सगळ्यांची ग्रीन कार्डं आहेत, मुलगी अकरावीत आहे. सगळ्या विषयांत ए, सॅट या प्रवेशपरीक्षेत १६०० पैकी १५४०, गणिताची मनापासून आवड, कॉम्प्युटर सायन्सला जायचंय. दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न २ लाख ३५ हजार डॉलर. ५२९ खात्यात (कॉलेजसाठीच्या बचत खात्यात) ८८ हजार जमलेत, पुण्यात एक फ्लॅट भाड्याने दिलेला आहे, सासू-सासऱ्यांना दरमहा पैसे पाठवता आणि धाकटा आठवीत आहे. मुलीने केलेल्या यादीत प्रिन्स्टन, एमआयटी, कॉर्नेल, बर्कली, मिशिगन अशी नावं आहेत आणि सगळ्यात शेवटी, तिच्याच शब्दांत ‘नाइलाज म्हणून’, रट्गर्स, म्हणजे आपल्याच न्यू जर्सीची सरकारी युनिव्हर्सिटी. तुम्ही विचारता, इतक्या हुशार मुलीला स्कॉलरशिप मिळेलच ना? आणि यजमान विचारतात, कॉर्नेलला अर्ली डिसिजन (प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं, असा बंधनकारक लवकरचा अर्ज) करायचं का?

ही यादी मुलीच्या हुशारीला साजेशी आहे. तुमच्या खिशाचा विचार मात्र तिच्यात कुठेच झालेला नाही. म्हणून ती मोडून पुन्हा बांधायची, आणि या वेळी खालून वर बांधायची.

‘मिळेलच’ हा शब्द आपल्या लोकांच्या गप्पांत फार ऐकू येतो. वस्तुस्थिती अशी की आयव्ही लीगची (प्रिन्स्टन, कॉर्नेल, हार्वर्ड, येल वगैरे) आठही कॉलेजं आणि एमआयटी गुणांवर स्कॉलरशिप देतच नाहीत. तिथे प्रवेश मिळालेला प्रत्येक जण हुशारच असतो, त्यामुळे पैसे फक्त गरजेवर मिळतात. म्हणजे कॉर्नेलच्या बिलातून १५४० मुळे एक डॉलरही कमी होणार नाही. दुसऱ्या राज्यांतल्या नामांकित सरकारी युनिव्हर्सिट्यांचं गणित वेगळं. बर्कलीला बाहेरच्या राज्यातल्या मुलांना नेहमीच्या ट्यूशनवर नुसती जादा ट्यूशनच ३७ हजारांच्या वर पडते आणि ती भरून काढायला कॅलिफोर्निया मदत करत नाही. मिशिगनही तुमच्यासाठी महागच. तुमच्या उत्पन्नाच्या घराला बर्कलीत प्रवेश मिळाला तरी ते परवडणार नाही, म्हणून ते आजच काढा. मिशिगन ठेवायचं की नाही हे कॉलेजच्या वेबसाइटवरचा खर्चाचा कॅल्क्युलेटर सांगेल, त्याबद्दल पुढे बोलू.

आता तुमचा आकडा. ५२९ चे ८८ हजार चार वर्षांत वाटले की वर्षाला २२ हजार होतात. पगारातून महिन्याला दीड हजार काढता येतील असं तुम्ही लिहिता, म्हणजे १८ हजार. एकूण वर्षाला ४० हजार, चार वर्षांचे १ लाख ६० हजार. पण फी दरवर्षी वाढते. पहिल्या वर्षाचा सगळा खर्च साडेसदतीस हजार असेल आणि दरवर्षी ४ टक्के वाढ झाली, तर चार वर्षांची बेरीज १ लाख ५९ हजारांवर जाते. म्हणजे तुमच्यासाठी पहिल्या वर्षाची खरी मर्यादा साडेसदतीस हजार आहे. राहणं, जेवण, पुस्तकं, प्रवास सगळं त्यात आलं. हा आकडा कागदावर लिहा आणि प्रत्येक कॉलेजच्या नावापुढे ठेवा.

कर्जाचं म्हणाल तर मुलीच्या नावावर सरकारी कर्ज पहिल्या वर्षी ५,५०० आणि चार वर्षांत मिळून २७ हजारांपर्यंत निघतं. ते अडीअडचणीला राहू द्या, हिशेबात धरू नका. पालकांच्या नावावरच्या पॅरेंट प्लस कर्जाला १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी वर्षाला २० हजार आणि एका मुलामागे एकूण ६५ हजार अशी मर्यादा आली आहे. त्या वाटेला तुम्ही जाऊच नये असं मला वाटतं. मुलीच्या मागून तीनच वर्षांनी धाकट्याचं कॉलेज सुरू होईल आणि तुमच्या निवृत्तीला कोणी कर्ज देत नाही.

या हिशेबात तुमच्यासाठी एक चांगली बातमी आहे. प्रिन्स्टनचा छापील खर्च वर्षाला ९० हजारांच्या घरात आहे, त्यामुळे तुम्ही ते मनातून काढूनच टाकलेलं दिसतं. पण ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनी जाहीर केलं की २ लाख ५० हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्या बहुतेक कुटुंबांना ट्यूशन भरावी लागणार नाही. ट्यूशन वजा केली की उरतो तो मुख्यतः राहण्या-जेवणाचा खर्च, म्हणजे तिथे प्रवेश मिळाला तर ते तुम्हाला रट्गर्सपेक्षाही स्वस्त पडू शकतं. हार्वर्ड आणि एमआयटीमध्ये ट्यूशनमाफीची रेषा २ लाखांवर आहे, तुम्ही तिच्या वर आहात. तिथे काही मदत मिळेल का, हे त्यांचा कॅल्क्युलेटर सांगेल. छापील फी पाहून कॉलेज ठेवू नका आणि काढूही नका.

२०११ पासून सरकारी मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला आपल्या वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर, म्हणजे मदत वजा जाता तुम्हाला किती पडेल याचा अंदाज देणारा हिशेब, ठेवावाच लागतो. शनिवारी दोघं मिळून बसा, टॅक्स रिटर्न समोर घ्या आणि यादीतल्या प्रत्येक कॉलेजसाठी तो भरा. तुमच्यासारख्या घरांची चूक इथे होते ती पुण्याच्या फ्लॅटवर. राहतं घर आणि ४०१के (नोकरीतलं निवृत्ती खातं) फॅफ्सा, म्हणजे सरकारी मदतीचा अर्ज, मोजत नाही. पण भाड्याने दिलेला फ्लॅट भारतात असला तरी ती तुमचीच मालमत्ता आहे आणि ती दाखवावी लागते. त्यावरचं कर्ज वजा जाता त्याची किंमत १ लाख २० हजार डॉलर असेल आणि कॉलेजने मालमत्तेचे पाच टक्के धरले, तर वर्षाला ६ हजारांचा फरक पडतो. प्रिन्स्टनची माफीही ‘बहुतेक कुटुंबांना’ आहे, तेव्हा तिथेही हा फ्लॅट मध्ये येणारच. कॅल्क्युलेटरमध्ये तो भरला नाही तर उत्तर गोड येईल आणि एप्रिलमध्ये मदतीचं खरं पत्र आलं की घात होईल. ‘भारतातलं कोण बघतंय’ असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. फॉर्मवर सही तुमची आणि मुलीची असते.

सासू-सासऱ्यांना पाठवता ते पैसे फॅफ्सात कुठेच दाखवता येत नाहीत. पण खासगी कॉलेजं मागतात त्या सीएसएस प्रोफाइलमध्ये विशेष परिस्थिती लिहायला जागा असते. बँकेच्या पावत्या जपून ठेवा आणि तिथे साध्या शब्दांत लिहा. ते मोजतीलच असं नाही, पण लिहिल्याशिवाय त्यांना कळणारही नाही. धाकट्याचंही तसंच. दोन मुलं एकाच वेळी कॉलेजात असली तर फॅफ्सा २०२४-२५ पासून सूट देत नाही, पण सीएसएस मागणारी बरीच कॉलेजं अजून विचार करतात. तुमच्या घरी असं एकच वर्ष येईल. आणि मुलीच्या नावावर वेगळं गुंतवणूक खातं असेल तर मला कळवा, कारण फॅफ्सा मुलांच्या मालमत्तेचे २० टक्के धरतो.

उत्पन्न कोणत्या वर्षाचं बघतात, हेही विचारलंत. मुलगी दहावीच्या दुसऱ्या सत्रात आणि अकरावीच्या पहिल्या सत्रात होती ते कॅलेंडर वर्ष. ते होऊन गेलं, आता त्यात काही करता येणार नाही.

गुणांवरचे पैसे शोधायचे तर एक पायरी खाली उतरावं लागतं, पण ती पायरी वाटते तितकी खाली नसते. वरच्या मुलांना ओढून घेण्यासाठी अनेक चांगल्या युनिव्हर्सिट्या पैसे मोजतात. तुमच्या घराजवळच एनजेआयटीचं (न्यू जर्सी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) अल्बर्ट डॉर्मन ऑनर्स कॉलेज आहे, म्हणजे हुशार मुलांसाठीचा वेगळा विभाग. कॉम्प्युटिंगला ते उत्तम आहे, स्वतःच्या राज्यातली फी आणि वर मेरिट, म्हणजे गुणांवरची स्कॉलरशिप. मेरीलँडची बॅनेकर-की स्कॉलरशिप हवी तर १ नोव्हेंबरपर्यंत अर्ज जायलाच हवा. पर्ड्यूने २०१३ पासून ट्यूशन गोठवलीय, बाहेरच्या राज्यातल्यांना ती २९ हजारांच्या आत आहे. तरी राहणं-जेवण धरून आकडा तुमच्या मर्यादेच्या थोडा वर जातो आणि कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश कठीण, म्हणून ते ‘जमलं तर’ या रकान्यात. लेक सप्टेंबरमध्ये नॅशनल मेरिट या देशपातळीवरच्या स्कॉलरशिप स्पर्धेची सेमीफायनलिस्ट आणि पुढे फायनलिस्ट झाली तर अलाबामा आणि यूटी डॅलसचे दरवाजे चांगलेच उघडतात. मात्र न्यू जर्सीचा कटऑफ देशातल्या सर्वांत वरच्यांपैकी असतो, तेव्हा यादी त्यावर उभी करू नका.

पाच कॉलेजं माझ्या सांगण्यावरून घेण्याऐवजी ती शोधायची रीत शिकून घ्या. कॉलेजचं नाव आणि ‘कॉमन डेटा सेट’ (कॉलेजने स्वतः दिलेला आकड्यांचा तक्ता) असं शोधा, त्यातला एच विभाग उघडा. गरज नसलेल्या किती मुलांना पैसे दिले आणि सरासरी किती, हे तिथे दिलेलं असतं. पहिल्या वर्षाच्या हजार मुलांपैकी तिघांना मिळत असतील तर ती लॉटरी समजा. तीनशेंना मिळत असतील आणि मुलगी तिथल्या वरच्या पाव भागात बसत असेल तर ते नाव यादीत घ्या. त्याच कागदात सी७ मध्ये विद्यार्थ्याने दाखवलेल्या रसाला किती महत्त्व देतात तेही असतं. देत असतील तर मुलीने त्यांच्या ऑनलाइन सत्रांना हजर राहावं, आलेल्या ईमेल उघडाव्यात. स्कॉलरशिपचं पत्र आलं की त्यातल्या तीन गोष्टी वाचायच्या: टिकवायला किती जीपीए (ग्रेडची सरासरी) लागतो, आठही सत्रं मिळते का, आणि ट्यूशन वाढली तर ती वाढते की तेवढीच राहते. बहुतेक ठिकाणी तेवढीच राहते.

आता रट्गर्स. स्वतःच्या राज्यातल्या मुलाला राहून-खाऊन सगळा खर्च ३५ ते ४० हजारांच्या दरम्यान येतो, त्यात ऑनर्स कॉलेज किंवा थोडं मेरिट मिळालं तर तुमच्या मर्यादेत नीट बसतं. माझ्या मते तुमच्या यादीचा पाया हाच आहे, आणि लेक त्याला ‘नाइलाज’ म्हणते याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. सेफ्टी म्हणजे जिथे प्रवेश नक्की, पैसे नक्की आणि मुलगी आनंदाने जाईल असं कॉलेज. तिसरी अट पाळली नाही की एप्रिलमध्ये घरात रडारड होते, आणि मुलीच्या डोळ्यांतलं पाणी बघून आई-बाप न परवडणाऱ्या कागदावर सही करतात. अशी घरं मी पाहिली आहेत.

म्हणून तो आकडा मुलीला सांगा. पैशाचं मुलांसमोर बोलायचं नाही, त्यांनी फक्त अभ्यास करायचा, ही आपली जुनी सवय प्रेमापोटीच असते. पण साडेसदतीस हजारांची मर्यादा तिला आता कळली तर ती त्यावर विचार करेल, बारावीच्या एप्रिलमध्ये कळली तर तिला फसवल्यासारखं वाटेल. इतक्या हुशार मुलीला हा हिशेब दहा मिनिटांत समजतो. नंतर तिला न्यू ब्रन्सविकच्या रट्गर्सला आणि न्यूअर्कच्या एनजेआयटीला घेऊन जा, एखाद्या वर्गात बसू द्या, गणित विभागातल्या मुलांशी बोलू द्या. तुम्ही लांबच थांबा.

यजमानांच्या प्रश्नाचं उत्तर: कॉर्नेलला अर्ली डिसिजन नको. त्यात मुलगी, पालक आणि शाळेचा काउन्सेलर तिघांच्या सह्या असतात आणि प्रवेश मिळाला की बाकीचे अर्ज मागे घ्यावे लागतात. मदत अपुरी पडली तर सुटका करून घेता येते, पण इतर कॉलेजांचे देकार समोर ठेवून तुलना करायची संधी जाते, आणि तुमच्या उत्पन्नगटाला तीच संधी सर्वांत मोलाची आहे. कॉर्नेलच्या कॅल्क्युलेटरने साडेसदतीसच्या आतला आकडा दाखवला, तरच मला पुन्हा विचारा. त्याऐवजी प्रिन्स्टनला सिंगल चॉइस अर्ली ॲक्शन, म्हणजे एकाच खासगी कॉलेजला लवकरचा अर्ज, करा. ते बंधनकारक नसतं आणि त्यासोबत सरकारी युनिव्हर्सिट्यांना अर्ली अर्ज करता येतात. म्हणजे रट्गर्स, मेरीलँड, पर्ड्यू सगळे १ नोव्हेंबरला एकदमच जातील.

एच-१बी आणि एच-४ वर असलेल्या वाचकांसाठी एकच: तुमच्या मुलांना फॅफ्सा बंद आहे आणि बरीच खासगी कॉलेजं त्यांना आंतरराष्ट्रीय विद्यार्थी धरतात. प्रिन्स्टन, हार्वर्ड, येल, एमआयटी, ॲमहर्स्ट यांसारखी मोजकी ठिकाणं अशा मुलांचीही गरज प्रवेशाच्या आड येऊ देत नाहीत. इन-स्टेट फीचे नियम मात्र राज्यागणिक बदलतात. तुमची परिस्थिती सविस्तर लिहून पाठवा, वेगळं उत्तर देईन.

ताई, या आठवड्यात एक काम लगेच करा. शाळेच्या काउन्सेलरला विचारा की अकरावीतल्या मुलांसाठीच्या रेन्सेलियर मेडलला शाळा कोणाचं नाव पाठवणार आहे. गणित-विज्ञानातल्या एका विद्यार्थ्याची निवड शाळाच करते, आणि मेडल मिळालेल्याला रेन्सेलियर या तंत्रज्ञानाच्या खासगी युनिव्हर्सिटीत प्रवेश झाला तर चारही वर्षांची स्कॉलरशिप ठरलेली असते. रॉचेस्टर युनिव्हर्सिटीचीही अशीच पारितोषिकं शाळांमार्फत जातात. नावं याच दिवसांत ठरतात आणि विचारलं नाही तर घरापर्यंत कळतही नाही. या दोन्ही ठिकाणी स्कॉलरशिपनंतरही आकडा मर्यादेच्या वर राहू शकतो, तेव्हा कॅल्क्युलेटर भरूनच ती यादीत घ्या. सगळे निकाल मला पाठवा, मग उरलेल्या नावांवर बोलू.