टेबलावर ठेवलं म्हणजे नेमकं कुठं ठेवलं?

प्रश्न : सर, मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीचं मार्केटिंग बघतो. कास्टिंगचा दर वाढवून द्या, असं अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला कळवलं होतं. त्याचं उत्तर आलं, ‘लेट्स टेबल द प्राइस रिव्हिजन.’ मालक म्हणाले, बैठकीत विषय घेतोय. स्क्रॅपचा भाव, वीजबिल, मजुरी सगळं काढून आम्ही दोन रात्री तक्ते करत बसलो. बैठकीत त्यानं दराचं नावच काढलं नाही. आम्ही काढलं, तर चमकला. आमचं इंग्रजी कच्चं पडलं काय?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : इंग्रजी तुमचंही बरोबर आणि त्याचंही. आपल्या संसदेत कागद ‘पटलावर ठेवतात’. ही रीत ब्रिटिशांकडून आलेली. त्यांच्याकडं ‘टेबल’ करणं म्हणजे विषय चर्चेला मांडणं. अमेरिकेत बरोबर उलटं : तूर्त बाजूला ठेवणं.

यावरून मोठमोठे लोक भांडलेत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश अधिकारी एका कागदाबद्दल म्हणाले, हा लगेच ‘टेबल’ करू. अमेरिकी अडून बसले, इतका महत्त्वाचा विषय बाजूला कसा ठेवायचा? बराच वेळ वादावादी झाली आणि मग कळलं की दोघांनाही एकच हवंय. चर्चिलनं युद्धाच्या आठवणींत हे लिहून ठेवलंय. तुमचं दोन रात्रींवर भागलं, मालकांना सांगा.

आता दराचं. अमेरिकेत हेन्री रॉबर्ट या लष्करी इंजिनिअरनं १८७६ साली सभेचे नियम छापले. त्यात टेबलावर ठेवलेला विषय पुन्हा उचलून घ्यायचीही सोय आहे. म्हणजे नकार नाही. पण रोजच्या बोलण्यात असे विषय पुष्कळदा तिथंच धूळ खात पडतात. आपलं ‘बघू की’ तसंच. जेवायच्या बेताला कुणी ‘बघू की’ म्हणाला, तर गडी ताट घेऊन हजर. स्थळाला म्हणाला, तर मुलीकडच्यांनी काय ते ओळखावं.

आणखी एक गोची. तोच अमेरिकन उद्या ‘द ऑफर इज ऑन द टेबल’ म्हणाला, तर घाबरू नका. तिथं अर्थ ‘प्रस्ताव खुला आहे, बोला’ असाच, ब्रिटनमध्येही तोच. क्रियापद झालं की भांडण, नाम राहिलं की समेट! (टेबलाखालून काय चालतं, ते मात्र आपल्यासकट सगळ्यांना एकसारखं कळतं.)

तुम्ही स्वतः लिहिताना हे क्रियापद वापरूच नका. चर्चा हवी असेल तर ‘लेट्स डिस्कस’, थांबायचं असेल तर ‘लेट्स पोस्टपोन’. आणि त्याला आजच एका ओळीत विचारा, ‘व्हेन कॅन वुई टेक धिस अप?’ तारीख मागितल्याशिवाय तो हलायचा नाही. केलेले तक्ते जपून ठेवा. पाठवायच्या दिवशी स्क्रॅपचा भाव तेवढा नवा घाला.