गोठवलेल्या बीएएलमध्ये न्यूट्रोफिल शोधू नका

तुमची पोस्ट वाचली आणि माझंच जुनं दुखणं समोर आलं. व्हेंटिलेटरवरच्या विषाणूजन्य न्यूमोनियाच्या रुग्णांचा बीएएल, म्हणजे फुप्फुसात सलाइन सोडून परत ओढलेला द्रव, तुम्ही घेतलात. त्यातल्या पेशी डीएमएसओत (गोठवताना पेशी वाचवायला घालतात ते रसायन) गोठवल्या, नंतर सगळ्या एकदम फ्लोवर, म्हणजे रंग लावलेल्या पेशी एकेक करून मोजणाऱ्या मशीनवर, चालवल्या. रक्तात न्यूट्रोफिल, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, भरपूर, बीएएलमध्ये जेमतेम. हे नवीन निरीक्षण म्हणून मांडू का, असं विचारलंय. कृपा करून मांडू नका.

न्यूट्रोफिल नेहमीच्या पद्धतीने गोठवले की टिकत नाहीत. हे मला माहीत असायला हवं होतं. पण आमच्याकडे मशीनची वेळ देणाऱ्या विभागाचा हट्ट होता की सुटे नमुने घेणार नाही, गठ्ठ्यानेच आणा. रुग्णाचा बीएएल काय त्यांच्या वेळापत्रकाने येतो? तीनदा अर्ज केला, तिन्ही वेळा तेच छापील उत्तर. शेवटी मी गोठवत गेले. आठ महिने.

वितळवताना पिपेटच्या टोकाला चिकट, लांब तार लोंबायची. मला वाटलं कफ आहे. 70 मायक्रॉनच्या जाळीतून गाळून फेकून दिली. बराचसा तो मेलेल्या पेशींचा डीएनए होता. ताज्या द्रवाची, गिम्सा रंग दिलेली एक स्लाइड योगायोगाने शिल्लक होती. ती पाहिली तेव्हा कळलं, सगळं क्षेत्र न्यूट्रोफिलांनी खचाखच भरलेलं.

तुमचा सगळाच डेटा वाया गेला असं नाही. टी पेशी (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) गोठवणं बऱ्यापैकी सोसतात, त्यामुळे त्यांच्यातल्या सीडी8 पेशींपैकी किती सीडी69 आणि सीडी103, म्हणजे फुप्फुसातच मुक्काम केल्याच्या खुणा, दाखवतात, हे जपून वापरता येईल. पण 'एकूण सीडी45 पेशींपैकी (म्हणजे सगळ्या पांढऱ्या पेशींपैकी) इतके टक्के' असं जिथे लिहिलंय ते खोडा. न्यूट्रोफिल गळाल्यामुळे भागाकाराचा छेदच चुकलाय.

मॅक्रोफेजांचा, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशींचा, नुसता आकडा देऊ नका, हे माझं ठाम मत. 2020 मध्ये कोविडच्या बीएएलवर झालेल्या एकेका पेशीतला आरएनए वाचणाऱ्या अभ्यासात गंभीर रुग्णांत एफसीएन1वाले (हे एका जनुकाचं नाव), रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींपासून आलेले मॅक्रोफेज जास्त दिसले. फुप्फुसातले मूळचे, एफएबीपी4 या दुसऱ्या जनुकाचे, कमी. दोन्ही 'मॅक्रोफेज'च, पण स्वभाव वेगळा. शिवाय मूळचे मॅक्रोफेज स्वतःच चमकतात, विशेषतः हिरव्या चॅनेलमध्ये. म्हणून रंग न लावलेला कंट्रोल, म्हणजे तुलनेचा नमुना, त्याच बीएएलचा घ्या, रक्ताचा चालणार नाही.

मी डॉक्टर नाही, प्रयोगशाळेतली आहे. उपचारांबाबत यातून काही ठरवू नका. तुमचं यंत्र, तुमचे रंग वेगळे असतील, तेही धरा.

यापुढे नमुना आला की गोठवण्याआधी थोडा द्रव बाजूला काढून सायटोस्पिन स्लाइड (द्रव गरगर फिरवून पेशी काचेवर बसवतात ती) करा, ट्यूबवर घेतल्याची वेळ लिहा. आणि जुन्या रुग्णांसाठी आजच पॅथॉलॉजीत विचारा. निदानासाठी केलेल्या स्लाइड कदाचित अजून तिथे असतील.