वाचकांचे प्रश्न : माया करायला वेळ कुठून आणायचा?

प्रश्न : मी कोल्हापुरात जीएनएमच्या (नर्सिंगच्या डिप्लोमाच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. मेडिसिन वॉर्डात तीसेक खाटांमागे आम्ही दोघी-तिघी असतो. 'पेशंटशी मायेनं वागा' असं वर्गात शिकवतात, पण इंजेक्शनं, सलाईन आणि चार्ट यातच ड्युटी संपते. मग माया कधी करायची?

उत्तर : त्यासाठी वेगळा वेळ लागतच नाही. जे काम करायचंच आहे, ते कसं होतं यातच माया दिसते. लकवा झालेल्या आजोबांची कूस बदलण्याचं घ्या. साधारण दर दोन तासांनी हे करावं लागतं. आधी पडदा ओढा, त्यांच्या नजरेसमोर या, 'आजोबा, तुम्हाला डाव्या कुशीवर घेतोय, आम्ही दोघी धरतोय' असं सांगा आणि मगच हात लावा. न सांगता धरलं की माणूस दचकतो, अंग ताठ करतो, आणि सिस्टरची कंबर धरते ती अशाच वेळी.

अंगाखालची आडवी चादर दोन्हीकडून गुंडाळून धरा आणि उचला. ओढू नका. ओढलं की कातडी गादीला चिकटून राहते, आतलं हाड पुढं सरकतं, मधल्या बारीक रक्तवाहिन्या ताणल्या जातात आणि जखम आतूनच सुरू होते. पूर्ण कुशीवर न झोपवता पाठीमागं उशी देऊन 30 अंशांत कलतं ठेवा, म्हणजे खुब्यावर भार येत नाही. पोटरीखाली उशी अशी सरकवा की टाच अधांतरी राहील. हवेची गादी असली तरी कूस बदलणं चुकत नाही.

तेवढ्यातच माकडहाड, खुबे, टाचा बघून घ्या. लाल डाग बोटानं दाबल्यावर फिका पडत नसेल तर ती जखमेची पहिली पायरी. सावळ्या अंगावर लाली उठून दिसत नाही, म्हणून जागा ऊन किंवा टणक लागते का ते हातानं बघा. तिथं मालिश अजिबात नको. घरची माणसं प्रेमानंच तेल चोळायला बसतात. त्यांच्यावर न ओरडता कारण सांगा.

दुखण्याचंही तसंच. जाता जाता 'दुखतंय का?' विचारलं की आपल्याकडची म्हातारी माणसं 'काय न्हाई, बरं हाय' म्हणतात. सिस्टरला त्रास नको, एवढाच त्यांचा विचार असतो. 'वळताना कुठं कळ येती?' असं विचारा आणि उत्तराला थांबा. आवळलेली मूठ, कपाळावरची आठी, तसंच परत गेलेलं ताट हेही उत्तरच आहे. ते चार्टवर लिहा, नाहीतर पुढच्या ड्युटीला कळणारच नाही. वाचा गेलेल्यांना हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारा. त्यांना बोलता येत नसलं तरी बऱ्याचदा समजत असतं.

आणि 'बारा नंबर' अशी हाक कुणालाच मारू नका. माणसाला ते लागतं हे खरंच, पण खाटा बदलतात आणि औषध भलत्याला जातं. नाव त्यांच्याच तोंडून वदवून घ्या आणि केसपेपरवरच्या नोंदणी क्रमांकाशी ताडून बघा. निघताना पाणी, चष्मा आणि बेल चालत्या हाताच्या बाजूला ठेवा.

प्रश्न : वडिलांना लकवा झालाय. ताकद यावी म्हणून घरून पांढरा रस्सा नेला, तर सिस्टरनी अडवला. का? (एक वाचक, कागल)

उत्तर : अडवला ते योग्यच, पण कारण सांगायला हवं होतं. लकव्यानंतर गिळणं बिघडलेलं असू शकतं, आणि पातळ पदार्थ सगळ्यात लवकर श्वासनलिकेत उतरतो. ठसका लागेलच असंही नाही; न ठसकता गेलेल्या घासानंही न्यूमोनिया होतो. गिळण्याची तपासणी झाली का, ते आधी विचारा. तोंडानं द्यायची परवानगी मिळाली की ताठ बसवा, चांगल्या बाजूनं अर्धा चमचा घट्टसर घास द्या आणि तो गिळल्यावरच पुढचा भरवा. आवाज ओला, घरघरता झाला तर लगेच थांबा. शेवटी लुळ्या बाजूच्या गालात घास अडकलाय का बघा आणि अर्धा तास आडवं करू नका.