मानशीची दारे सांभाळणार कोण?

वाळवंटी नदीला संरक्षक भिंत आहे, पंपही आहेत. तरी सांखळीच्या बाजारात पाणी का शिरते? (सांखळी, गोवा)

भिंत नदीला बाहेर ठेवते. पण नदी फुगली की शहरातल्या नाल्यांचे पाणीही तिच्यात जात नाही, आतच तुंबते. ते उपसायला पंप असतात. मुसळधार पावसात वीज गेली तर? जनरेटर, डिझेल आणि रात्रपाळीचा माणूस, तिन्हींची खात्री मे महिन्यातच व्हायला हवी. पालिका बैठकीत हे विचाराच.

तिळारी धरणातून पाणी सुटल्याचे आम्हाला उशिरा का कळते? (साळ)

धरण महाराष्ट्रातल्या दोडामार्ग तालुक्यात, पूर गोव्यात तुमच्या दारात. ऑगस्ट 2019 मध्ये साळ, इब्रामपूर भागाने तो सोसला. पाणी सोडण्याआधी धरणावरून थेट पंचायतीला फोन यावा, अशी व्यवस्था दोन्ही राज्यांनी लेखी ठरवावी. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार राज्य प्राधिकरणाचे अध्यक्ष मुख्यमंत्री असतात. मागणी तिथपर्यंत न्या.

आमच्या खाजनाचा बांध खचलाय. शेती तर कोणी करत नाही, मग दुरुस्तीचा खर्च कशाला? (चोडण)

तुमच्या घरांसाठी! खाजन म्हणजे खाडीकाठची, बांध घालून राखलेली जमीन; ती भरतीच्या पातळीखाली असते. मानस म्हणजे बांधातली पाण्याची वाट; मानशीची दारे भरतीला मिटतात, ओहोटीला उघडतात आणि पावसाचे पाणी बाहेर सोडतात. मांडवी नदीत भरती समुद्रापासून सुमारे 50 किलोमीटर आत, गांजेपर्यंत जाणवते. म्हणजे ही दारे नदीकाठच्या कितीतरी गावांची राखण करतात. मासळीसाठी ती भरतीला उघडी ठेवली की खारे पाणी आत येते, जमीन नापीक होते, शेतकरी पाठ फिरवतो आणि बांधाकडे बघायला कोणी उरत नाही. मग कोणीतरी भराव घालायला येतो. मला सर्वात जास्त भीती याचीच वाटते, कारण बुजवलेल्या खाजनात साठणारे पाणी शेवटी वस्तीतच शिरणार. 2011 च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्यातल्या खाजनांना खास संरक्षण दिले होते. कूळ संघटनेची, म्हणजे खाजनातल्या शेतकऱ्यांच्या संघटनेची, बैठक बोलवा, मानशीतल्या मासेमारीच्या लिलावातच दारांबाबत अट घाला आणि दुरुस्तीसाठी कृषी खात्याकडे अर्ज करा.

पूर रोखण्याच्या असल्या कामाला सरकारकडे पैसा असतो का? (पेडणे)

असतो. 2021 ते 2026 साठी पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांच्या आपत्ती निधीतला 20 टक्के वाटा धोका आधीच कमी करण्यासाठी वेगळा काढला, उरलेला 80 टक्के मदत आणि पुनर्बांधणीसारख्या कामांना. पूर आल्यावरच्या भरपाईसाठी मात्र तलाठ्याचा पंचनामा लागतो. चिखल काढण्याआधी फोटो काढून ठेवा.