मुंबईत शिकायला आलेल्या परदेशी मुलांना काय दाखवू, कुठे जेवायला नेऊ?

तू लिहिलंयस की तुझ्या कॉलेजात सहा महिन्यांसाठी फ्रान्सहून दोन मुली आणि एक मुलगा आलाय, त्यांना शहर दाखवायचं काम तुझ्या गळ्यात पडलंय, आणि तू स्वतः सोलापूरची, मुंबईत येऊन जेमतेम वर्ष झालेलं. शिवाय सगळ्यांचेच पैसे बेताचे. माझ्या मुलीच्या वयाची असशील, म्हणून सरळ 'तू' म्हणते.

आम्ही दादरला राहतो आणि मुलगी लग्न होऊन गेल्यापासून तिची खोली पेइंग गेस्टना देतो. त्यात बाहेरदेशची पाच-सहा पोरं राहून गेली. पहिल्या जर्मन मुलीच्या वेळी मी वहीत यादी केली होती: गेटवे, राणीची बाग, हाजी अली, जुहू. एका दिवसात चार ठिकाणं उरकली आणि संध्याकाळी तिला विचारलं, काय आवडलं? ती म्हणाली, "दुपारी ताटात ते आंबट गुलाबी काय होतं?" सोलकढी! तेव्हापासून मी उलटं करते. आधी खायचं ठिकाण ठरवायचं, आणि तिथून पायी जाता येईल तेवढंच त्या दिवशी बघायचं. एका दिवसाला एक स्टेशन, फार तर दोन.

सुरुवात माटुंग्यापासून कर. सेंट्रल लाइनच्या माटुंगा स्टेशनला लागूनच रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, १९४२ सालचं. जिना चढून वर जायचं, दुपारी एकच्या आत पोचायचं, आणि केळीच्या पानावर वाढतील ते जेवायचं. वाढपी थांबत नाहीत, हे पोरांना आधी सांग. आमच्याकडच्या कोरियन मुलाला ते कळलं नव्हतं. पानातलं संपवणं म्हणजे सभ्यपणा अशी त्याच्या घरची शिकवण, आणि पान रिकामं दिसलं की भात वाढायचा ही इथली रीत. तो संपवतोय, ते वाढतायत. तिसऱ्या भाताला त्याचे कान लाल झाले. शेवटी मी त्याला पानावर आडवा हात धरायला शिकवलं. मराठीतला पहिला शब्दही तो तिथेच शिकला: "बास."

जेवण झालं की पाय मोकळे करायला पारशी कॉलनीतून फाइव्ह गार्डन्सपर्यंत चालत जा. मोठी झाडं, जुनी बुटकी घरं, फुकट. मुंबई इतकी शांतही असते हे तुलाही नवीन असेल. सकाळी गेलात तर जेवणाऐवजी किंग्ज सर्कलच्या कॅफे मद्रासमध्ये रसम वडा आणि फिल्टर कॉफी घ्या. रविवारी मात्र तिथे नाव लिहून फुटपाथवर ताटकळावं लागतं.

दादर माझं, त्यामुळे जरा जास्त लिहिणार. एकदा पहाटे उठवून त्यांना दादर पश्चिमेच्या फूलबाजारात आण. सहा-साडेसहाला झेंडूच्या गोण्या डोक्यावरून जात असतात आणि मध्ये उभं राहणाऱ्याला ढकलच बसते. फोटो काढायचे तर कडेला उभं राहून. मग शिवाजी पार्कच्या बाजूला चालत या. प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पियूष, नाहीतर आस्वादमध्ये मिसळ. तू सोलापूरची, तुला ही मिसळ गोडच लागेल, शेंगाचटणीची पुडी पर्समध्ये ठेव. पण फ्रेंच पोरांसाठी तेवढंच तिखट बरं. 'मीडियम तिखट द्या' असं कुठेही सांगू नकोस, त्याला काही अर्थ नसतो. तर्री वेगळी वाटीत मागून घ्यायची, ज्याला हवी तो ओतेल.

वडापाव कीर्ती कॉलेजजवळ अशोककडे. चुरा घालून दे म्हणायचं. १९६६च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी पहिला वडापाव विकला असं सांगतात. गाड्या दोन वेगळ्या आणि नाव एकच, त्यामुळे लोक गल्लत करतात. पोरांना तो इतिहास सांगायला हरकत नाही, फक्त गाडी तीच असं सांगू नकोस.

आणि एक संध्याकाळ शिवाजी मंदिरला मराठी नाटक. हो, भाषा न कळणाऱ्यांना. माझे यजमान हसले होते मला. पण तो कोरियन मुलगा दोन तास स्टेजकडे कमी आणि प्रेक्षकांकडेच जास्त बघत होता, लोक हसले की अर्ध्या सेकंदाने हसत होता. मध्यंतरातला बटाटेवडा वसूल. बाल्कनीचं तिकीट परवडतं. विनोदी नाटक निवड, कौटुंबिक रडारड नको.

आता फोर्ट. बाकी मुंबई राहिली तरी चालेल, ही नको. सीएसएमटी म्हणजे फक्त गाडी पकडायची जागा नाही हे आपणच विसरलोय. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा आराखडा, बांधकाम १८७८ पासून दहा वर्षं चाललं, आणि २००४ पासून जागतिक वारसा. पण पोरांना हे नको सांगूस, हे त्यांच्या फोनमध्ये आहे. त्यांना सांग की भिंतींवरचे ते मोर, माकडं, पानं-फुलं यांच्या नक्षीकामात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. म्हणजे त्यांच्याच वयाच्या पोरांचा. मग कोण किती प्राणी शोधतो याची पैज लावा. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आणि दुसरीकडे वाघ आहे, ते बहुतेकांच्या नजरेतून सुटतात.

तिथून धोबीतलावला चालत जायचं, कयानीत. १९०४चं इराणी हॉटेल. बन मस्का, खिमा पाव, चहा. चहात बन बुडवायचा की नाही यावर दोन्ही फ्रेंच मुली तुझ्याशी वाद घालतील बघ, त्यांच्याकडेही हा प्रश्न आहे म्हणे. ब्रिटानिया या पारशी हॉटेलातला बेरी पुलाव सगळे सांगतात आणि तो चांगलाच असतो, पण विद्यार्थ्यांच्या खिशाला जड. कुणाचे आई-बाबा भेटायला आले की त्यांच्या पैशाने जा.

कयानीतून पोट भरून निघालात की ओव्हल मैदानाच्या मधोमध जाऊन उभे राहा. एका बाजूला हायकोर्ट, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर, दुसऱ्या बाजूला गोल सज्जांच्या आर्ट डेको इमारती, आणि मध्ये एकाच वेळी चाललेले आठ-दहा क्रिकेटचे सामने. या दोन्ही रांगा मिळून २०१८ साली वारसा यादीत आल्या. कुठल्या तरी सामन्यातला चेंडू तुमच्याकडे येणारच. फ्रेंच मुलाला तो परत फेकायला लाव, मग त्याला खेळायलाही घेतील.

लेण्यांचं सांगते, कारण तिथे मी स्वतः तोंडावर आपटलेय. दोन स्पॅनिश पोरांना घेऊन मी सकाळी नऊला गेटवेला हजर, घारापुरीला जायचं म्हणून. सोमवार होता. सोमवारी लेणी बंद. ठीक आहे, म्हटलं, माटुंग्याला जेवू. रामा नायकही सोमवारी बंद! मग कान्हेरीला जाऊ म्हटलं, तर बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यानही सोमवारी बंद. तिघांनी दादर स्टेशनवर उभ्याने वडापाव खाल्ला आणि घरी आलो. राणीची बाग आणि तिथलं भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असतं, तेही लक्षात ठेव.

घारापुरीला लाँचने तासभर लागतो. पुरातत्त्व खात्याचं तिकीट आपल्याला ४० रुपये आणि परदेशी माणसाला ६००, हे त्यांना आधीच सांग, नाहीतर खिडकीपाशी तोंडं पडतात. वीसेक फुटांचं ते सदाशिवाचं शिल्प मात्र पैसे विसरायला लावतं. त्या बेटावरचा जो दगडी हत्ती होता, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी एलिफंटा नाव ठेवलं, तो आता भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. बेटावर हत्ती शोधत बसू नका.

मला विचारशील तर पहिली कान्हेरी. शंभराहून जास्त लेणी, बरीचशी बौद्ध भिक्षूंच्या राहण्याची. आणि जवळजवळ प्रत्येक लेण्याशी कोरलेलं पाण्याचं टाकं. पावसाळ्यात डोंगरावरून पाणी कसं उतरतं आणि पन्हळीतून टाक्यात कसं पडतं हे डोळ्यांनी दिसतं. हॉस्टेलमध्ये राहणाऱ्या पोरांना दगडी हॉस्टेल दाखव. डबा घेऊन जा, पण माकडांसमोर उघडू नका.

प्रवासाचं. लोकल शिकवल्याशिवाय त्यांना मुंबई दाखवलीस असं म्हणू नकोस, पण पहिला धडा दुपारी अकरा ते चारमध्ये. इंडिकेटरवर स्लो-फास्ट कसं वाचायचं ते आधी, चढणं नंतर. विरार फास्टच्या गर्दीतून अंधेरीला उतरायचा विचार त्यांनी करू नये. मुलींना लेडीज डब्यात ने. तिथे टिकल्या, क्लिपा, कानातली विकायला येतात, त्यांचा अर्धा वेळ त्यातच जाईल. रविवारी निघण्याआधी मेगाब्लॉक बघायचा. मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ पासून पार कफ परेडपर्यंत धावते. ती थंडगार आणि सोपी आहे, पण खिडकीतून दिसतं काय, बोगदा. रिक्षा वांद्रे-सायनच्या दक्षिणेला येत नाही, तिथे टॅक्सी. किमान भाडं रिक्षाचं २६ आणि टॅक्सीचं ३१, मीटरनेच.

पोटाचं थोडक्यात. पहिले पंधरा दिवस पाणीपुरी, बर्फाचा गोळा, कापलेली फळं बंद. कढईतून समोर निघालेलं काहीही चालेल. इथे 'व्हेज' म्हणजे अंडंसुद्धा नाही, आणि 'जैन' म्हणजे कांदा-लसूण-बटाटाही नाही, हे एकदा समजावून दे. रमजानमध्ये असतील तर मिनारा मशिदीच्या गल्लीत रात्री मालपुवा आणि मातीच्या वाटीतली फिरनी चुकवू नका. गणपतीत असतील तर लालबागच्या रांगेत अख्खी रात्र घालवण्यापेक्षा गिरगावात केशवजी नाईक चाळीत जा. १८९३ पासूनचा सार्वजनिक गणपती, अजून छोट्या मूर्तीचा, आणि चाळीतली माणसं बोलतात.

हॉस्टेल कुठे आहे ते तू लिहिलं नाहीस. पण कुठेही असलं तरी एखादा दिवस चर्चगेटला संपव. के. रुस्तममध्ये दोन वेफर्सच्या मध्ये आइस्क्रीमची जाड वडी देतात. ती हातात घेऊन तसंच मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यापर्यंत भराभर चालायचं, नाहीतर कोपरापर्यंत ओघळ येतात. हॉस्टेलचं गेट दहाला बंद होत असेल तर त्यांना साडेआठलाच उठव. पंधरा मिनिटं आधीच सांगायला लाग, त्या कट्ट्यावरून आपणहून कोणी उठत नाही.